तक्रारींची नवी जागा

प्रेरणाचा आवाज बिदरमधल्या निम्म्या कचेऱ्यांना ओळखीचा होता, चेहरा मात्र फार थोड्यांनी पाहिला होता. जिल्ह्याच्या एका सरकारी कचेरीत ती टेलिफोन ऑपरेटर होती. फोन लावला की आधी तीच बोलायची, आणि समोरच्याच्या पहिल्या दोन शब्दांवरून त्याच्याशी मराठीत बोलायचं, कानडीत की दखनीत, ते ठरवायची. भालकीकडचा असला तर ‘बोला मामा’, हुमनाबादचा असला तर ‘हेळ्री’, जुन्या शहरातला असला तर ‘बोलिये साब’. आपण एका आंधळ्या बाईशी बोलतोय हे फोन करणाऱ्याला कळायचं कारणच नव्हतं.

ती मूळची मेहकरची, भालकी तालुक्यातली. लहानपणी गोवर आला, तो अंगावरून गेला पण जाताना दोन्ही डोळे घेऊन गेला. वडील राजपाल दुसऱ्याच्या रानात कामाला जायचे. घरात बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, आणि त्या तसबिरीसमोर बसून राजपालनं बायकोला, कोंडाबाईला, सांगितलं होतं की डोळे गेले तरी पोरीची शाळा सुटणार नाही. लोक म्हणाले, आंधळ्या पोरीला कोण शाळेत घेतं? त्यानं चौकशी केली, पोरीला घेऊन एसटीनं गुलबर्ग्याला गेला आणि अंधांच्या वसतिशाळेत घालून आला. परत येताना तो बसमध्ये रडला, हे त्यानं कोंडाबाईला फार वर्षांनी सांगितलं.

शाळा कानडी. प्रेरणा घरी मराठी बोलणारी. पण ब्रेलमध्ये कानडी ‘क’ला जे ठिपके तेच मराठी ‘क’ला. बोटांना दोन लिप्या शिकाव्या लागत नाहीत. त्यामुळं तिला दोन्ही भाषा एकदमच वाचता यायला लागल्या, आणि आपल्याकडं या दोन भाषांवरून लोक मोर्चे काढतात हे तिला पुष्कळ उशिरा कळलं. मॅट्रिक झाली, ऑपरेटरचा कोर्स झाला, अपंगांच्या राखीव जागेवर बिदरला नोकरी लागली. राजपालनं ती नोकरी वर्षभरच पाहिली. तो गेल्यावर कोंडाबाई मेहकर सोडून लेकीजवळ बिदरच्या नौबाद भागात आली. दोघींनी एक खोली आणि मागची पडवी भाड्यानं घेतली.

नोकरीची पहिली वर्षं चांगली गेली. मग कचेरीत नवं यंत्र आलं. फोन लावला की यंत्रच बोलायचं, अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा. प्रेरणाचा स्विचबोर्ड काढून नेला, खुर्ची तशीच ठेवली. पगार चालू होता, काम नव्हतं. ती सकाळी जाऊन खुर्चीत बसायची आणि संध्याकाळी उठायची. कोणी त्रास देत नव्हतं. पण येणारे-जाणारे आपल्याशी हळू आवाजात बोलतात, आजारी माणसाशी बोलावं तसं, हे तिच्या लक्षात आलं. घरी येऊन ती आईला एवढंच म्हणाली की मला आता काहीतरी वेगळं शिकलं पाहिजे.

नौबादला एक कॉम्प्युटर क्लास होता. चालवणारा योगीराज, ठाणाकुशनूरचा. त्याच्या आज्याची मेंढरं होती, बापाच्या काळात ती संपली आणि घर शेतमजुरीवर आलं. योगीराज डिप्लोमा करून बिदरला राहिला होता. एक दिवस कोंडाबाईचा हात धरून प्रेरणा त्याच्या क्लासमध्ये आली आणि तिनं विचारलं, “ह्ये बोलतं का?”

योगीराजनं शोधाशोध केली. पडद्यावरचं वाचून बोलणारे प्रोग्राम होते, पण ते इंग्रजी बोलायचे. मराठी मजकूर समोर आला की गप्प व्हायचे, नाहीतर एकेका अक्षराचं नाव घेत बसायचे. त्याच शोधात त्याला एक ओपन सोर्स प्रोग्राम सापडला. म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना उघडा होता. कोणीही घ्यावा, बदलावा, पुढं वाटावा, फक्त आपणही तो तसाच उघडा ठेवावा, एवढी अट. त्या पायावर योगीराजनं मराठी बोलणारा प्रोग्राम करायला घेतला. त्यासाठी तो प्रेरणाकडून ब्रेल शिकला. महिन्यांमागून महिने तो क्लास संपल्यावर कोड लिहायचा आणि रविवारी प्रेरणा येऊन ऐकायची.

सुरुवातीला ते यंत्र ‘घर’ला ‘घरअ’ म्हणायचं. ‘चोर’मधला ‘च’ आणि ‘चंद्र’मधला ‘च’ त्याला एकच वाटायचा. ‘करत’ला ‘करता’ म्हणायचं. प्रेरणा एकेक चूक सांगायची, योगीराज नियम घालायचा, मग ती चूक जाऊन तिसरीच यायची. दोघं हसायचे. तो तिला अक्का म्हणायला लागला होता. मराठी जरा जमल्यावर गुलबर्ग्याच्या एका कॉलेजात शिकवणारी श्रीदेवी त्यांच्यात आली. तिच्या घरात नवऱ्याकडची कानडी आणि माहेरची मराठी. तिनं कानडीचे नियम लिहिले. प्रोग्रामचं नाव ठेवलं ‘ऐकव’.

‘ऐकव’ इंटरनेटवर एका फुकट जागेत ठेवला. तिथं कोड ठेवायची सोय होती, आणि चुका कळवायला एक मेलचा पत्ता होता. त्या पत्त्यावर कोणीही, कसल्याही भाषेत, कसंही लिहावं, ते नोंदलं जायचं. ते सगळं पाहायचं काम प्रेरणानं घेतलं. अशा चुकीला इंग्रजीत बग म्हणतात, पण ती शेवटपर्यंत ‘तक्रार’च म्हणायची. उदगीरहून एक संगीत शिक्षक लिहायचे की ‘ऐकव’ भजनातले शब्द तोडतो. लातूरची एक कॉलेजातली मुलगी लिहायची की आकडे चुकतात. सोलापूर, गुलबर्गा, औराद. ज्यांना मेल जमत नव्हता ते तिच्या कचेरीत फोन करायचे. साहेबांनी तिला तेवढी मुभा दिली होती. रिकाम्या खुर्चीसमोर पुन्हा एक फोन वाजायला लागला.

त्या काळात तिच्याकडं येणारी तक्रार कधी एका वाक्यात संपायची नाही. माणूस आधी आपलं नाव-गाव सांगायचा, डोळे कधी गेले ते सांगायचा, आणि मग ‘ज्ञ’ नीट येत नाही म्हणायचा. प्रेरणा सगळं ऐकून घ्यायची. योगीराजला मात्र ती फक्त ‘ज्ञ’चं कळवायची.

मग योगीराज बेंगळूरला गेला. नौबादचे क्लास एकेक करून बंद पडत होते, कारण शिकणारी पोरं स्वतःच हैदराबादला, पुण्याला, बेंगळूरला निघाली होती. त्याला एका कंपनीत चांगली नोकरी मिळाली. जायच्या दिवशी तो कोंडाबाईच्या पाया पडला. ‘ऐकव’चं काम तिकडूनही चालू राहील असं म्हणाला, आणि एक-दोन वर्षं ते चाललंही. पुढं लग्न झालं, काम वाढलं. दुरुस्तीला वेळ लागायला लागला. तक्रार जाई, महिनाभरानं उत्तर येई, आणि उत्तरात आधी माफी असे.

अशातच ती फुकट जागा चालवणारी कंपनी दुसऱ्या कोणीतरी विकत घेतली आणि जागा बंद होणार असल्याची सूचना आली. कोड तर कुठंही उचलून नेता येणार होता. प्रश्न तक्रारींचा होता. जुन्या सगळ्या तक्रारी, आणि पुढं येणाऱ्या, ठेवायच्या कुठं?

मेलवर महिनाभर चर्चा झाली, पण काही ठरेना. तेव्हा योगीराज म्हणाला की समोरासमोर बसू. तो दसऱ्याला गावी आला होता. श्रीदेवी गुलबर्ग्याहून आली. नौबादच्या खोलीत तिघं बसले, कोंडाबाईनं चुरमुऱ्यांचा सुशीला केला आणि चहा ठेवला.

श्रीदेवीचं म्हणणं होतं की तिच्या कॉलेजचा एक सर्व्हर आहे. प्राचार्य तयार आहेत. जुन्याच पद्धतीची व्यवस्था तिथं बसवू, मेल पाठवला की तक्रार नोंदली जाईल. लाईट जाते तेव्हा सर्व्हर बंद पडेल, सुट्टीत कोणी पाहणार नाही, हे तिनं आधीच सांगून टाकलं. योगीराजला ते पटत नव्हतं. परदेशातली एक मोठी साइट त्या काळात नव्यानं वर येत होती. जगातले प्रोग्राम करणारे सगळे तिकडं निघाले होते. तिथं कोड आणि तक्रार शेजारी शेजारी राहते. कोणीही अनोळखी माणूस येऊन तक्रार वाचतो आणि स्वतःच दुरुस्ती करून देतो.

प्रेरणानं त्या साइटवर आधीच जाऊन पाहिलं होतं. खातं उघडताना तिथं वेडीवाकडी अक्षरं दाखवायचे आणि ती ओळखून भरायला सांगायचे, माणूस आहे की यंत्र ते तपासायला. डोळस नसलेल्यांसाठी आवाजाची सोय आहे असं लिहिलेलं होतं. तो आवाज म्हणजे खरखरीत बुडालेले इंग्रजी आकडे. तिनं पुन्हापुन्हा प्रयत्न केला होता आणि ती माणूस असल्याचं त्या साइटला पटलं नव्हतं. आणि तिथं सगळं इंग्रजीत लिहायचं. उदगीरच्या मास्तरांनी ते कसं करायचं?

हे सगळं तिनं शांतपणे सांगितलं. योगीराज म्हणाला, “अक्का, तुझं खोटं न्हाई. पण मी एकटा थकलो गं. घरी गेलो की डोळे मिटायल्यात. दुरुस्त करणारी चार माणसं मिळाल्याबिगर हे चालणार न्हाई, आणि ती माणसं तिकडंच हायत.”

श्रीदेवी सांगते की तेव्हा प्रेरणानं त्याच्याकडं तोंड वळवलं. तिला माणसाचा थकवा आवाजातून कळायचा, तो तिचा जन्मभराचा धंदा होता. मग ती म्हणाली, “दुरुस्त करणारंच कुणी नसंल तर नुसत्या तक्रारी गोळा करून काय करू? तू म्हणतोस तिकडं जाऊ. पर मेलचं दार उघडं ठेव. ज्याला तिथं जाता येत न्हाई त्यानं मेल करावा आणि तो तिथं नोंदला जावा, एवढं करून दे.”

योगीराज म्हणाला की महिन्याभरात करून देतो. ते काम अवघड नव्हतं, आणि त्याच्या मनात खोटही नव्हती. त्यानं प्रेरणाचं खातं स्वतःच उघडून दिलं, जुन्या तक्रारी नव्या जागेत हलवल्या, आणि सगळ्यांना कळवलं की यापुढं तक्रार तिथंच लिहावी, फोनवर किंवा त्याच्या खाजगी मेलवर सांगू नये, म्हणजे काही हरवणार नाही.

मेलचं दार मात्र झालं नाही. त्या हिवाळ्यात त्यानं कंपनी बदलली, मग मुलगी झाली, मग मुलीला कावीळ झाली. प्रत्येक वेळी फोनवर तो म्हणायचा की पुढच्या आठवड्यात. प्रेरणानं पुढं विचारणं सोडून दिलं. लोक तिला फोन करत राहिले आणि ती त्यांच्या वतीनं तिच्या मोजक्या इंग्रजीत साइटवर लिहीत राहिली.

योगीराजचा अंदाज चुकला नव्हता, हेही सांगायला हवं. नवी माणसं खरंच आली. पुण्याचा एक जण आला, कॅनडातला एक मराठी मुलगा आला, आणि पोलंडमधला एक भाषांचा अभ्यासक आला. त्याला मराठीतलं एक वाक्य येत नव्हतं, पण ‘ऐकव’चा आवाज त्यानं इतका गोड करून दिला की लातूरच्या मुलीनं प्रेरणाला फोन करून सांगितलं, आता ह्यो माणसावानी बोलायलाय. प्रेरणाही खूश होती. नवी माणसं कामसू होती आणि शिस्तीची होती. ज्या तक्रारीला पुढं कोणी उत्तर देत नाही ती काही दिवसांनी बंद करून टाकायची, अशी पद्धत त्यांनी पाडली. ज्यांनी त्या तक्रारी फोनवर सांगितल्या होत्या त्यांना कोणी काही विचारतंय हे कळतही नव्हतं. एकेक बंद होत गेल्या.

पुढच्या उन्हाळ्यात प्रेरणाला खोकला लागला. क्षयरोग तिला वसतिशाळेत असताना एकदा होऊन गेला होता. तो परत आला होता. दुसऱ्यांदा आला की गोळ्यांबरोबर इंजेक्शनही द्यावं लागतं, असं दवाखान्यात सांगितलं. तिथल्या डॉक्टरांनी हेही सांगितलं की या इंजेक्शननं कधी कधी कानावर परिणाम होतो, कानात काही वाजल्यासारखं वाटलं किंवा ऐकू कमी आलं तर लगेच येऊन सांगा. प्रेरणानं ते नीट ऐकून घेतलं. कोंडाबाईनंही ऐकलं. रजा टाकून ती घरी राहिली. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी आई तिला इंजेक्शनला न्यायची, बाकी वेळ ती पडवीत खाटेवर बसून कानाला हेडफोन लावून ‘ऐकव’ ऐकायची.

काही आठवड्यांनी तिला जाणवलं की ‘ऐकव’ बिघडलाय. ‘साखर’ म्हणायचं तिथं तो ‘आखर’ म्हणतोय. ‘शेत’ म्हणायचं तिथं नुसता वारा गेल्यासारखा आवाज येतोय. पोलंडच्या माणसानं नुकतीच नवी आवृत्ती काढली होती, तेव्हा चूक तिथलीच असणार. तिनं साइटवर लिहिलं की ‘स’ येत नाही, ‘श’ पण येत नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. आमच्याकडं नीट येतंय. आवृत्ती कोणती, कॉम्प्युटर कोणता? तिनं ते कळवलं. हेडफोन खराब असेल असं कोणी सुचवलं, म्हणून तिनं कोंडाबाईला बाजारात पाठवून दुसरा आणवला. तसंच. तिनं पुन्हा लिहिलं की आता शब्दाच्या शेवटचा ‘ट’ही तुटतोय.

वाचताना वाटेल की हिला स्वतःच्या कानाचा संशय कसा आला नाही. पण आईचा आवाज तिला ऐकू येत होता. भांडी, कोंबडा, मशिदीची अजान, रस्त्यावरची रिक्षा, सगळं येत होतं. आधी जातात ते बारीक, वरच्या पट्टीतले आवाज, आणि फोनवर तर ते एरवीही नीट येत नाहीत. कोंडाबाईच्या बोलण्यातला ‘स’ गेला तरी वाक्य कळायचं, ओळखीच्या माणसाचं अर्धं वाक्य आपण मनानंच ऐकतो. यंत्राच्या बाबतीत ती तसं करत नव्हती. त्याची प्रत्येक चूक पकडायची तिला सवय होती. आणि कानात काही वाजत नव्हतं. डॉक्टरांनी वाजेल असं सांगितलं होतं.

या तक्रारींची सूचना योगीराजलाही मेलनं जात होती. पण साइटवरून रोज इतक्या सूचना यायच्या की त्यानं त्या सगळ्या आपोआप एका बाजूला पडतील अशी सोय करून ठेवली होती. नवी माणसं सांभाळतायत म्हणून तो निर्धास्त होता. त्यानं त्या महिन्यात तिकडं पाहिलंच नाही.

शेवटी पोलंडच्या माणसानं तिला विनंती केली की तुमच्या कॉम्प्युटरवरचाच आवाज रेकॉर्ड करून पाठवा. तिनं पाठवला. त्यानं तो ऐकला, पुण्याच्या मुलालाही ऐकवला, आणि अगदी सभ्य भाषेत लिहिलं की रेकॉर्डिंगमध्ये सगळे ‘स’ आणि ‘श’ स्वच्छ आहेत. चूक आढळली नाही, म्हणून तक्रार बंद करत आहोत. आपण इतकं कळवत राहता त्याबद्दल आभार.

हे उत्तर ‘ऐकव’नंच तिला वाचून दाखवलं. तिनं ते दोनदा ऐकलं. मग हेडफोन काढला आणि आईला हाक मारली.

“माय, जरा लांब जाऊन उभी ऱ्हा आन ‘शिशी’ म्हण.”

कोंडाबाई चुलीजवळ होती. तिला वाटलं पोरगी खेळ करायलीय. तिनं तिथूनच म्हटलं. प्रेरणानं पुन्हा म्हणायला सांगितलं. कोंडाबाईनं पुन्हा म्हटलं. मग प्रेरणानं ‘साखर’ म्हणायला लावलं, ‘सासू’ म्हणायला लावलं. त्यानंतर ती उठून आत गेली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. आईनं जेवायला उठवलं तर भूक नाही म्हणाली. ठरलेल्या दिवशी इंजेक्शनलाही गेली नाही. कोंडाबाईला काही उमजेना, तिनं शेजारच्या बाईला सांगून श्रीदेवीला फोन लावला.

श्रीदेवी आली, तिनं प्रेरणाला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी इंजेक्शन तिथंच थांबवलं. पण जे गेलं ते परत येत नाही, आणि थांबवल्यावरही काही दिवस उतरण चालू राहते, असं ते म्हणाले. आधी का आला नाहीत, हा प्रश्न त्यांनी रागावून विचारला नाही. प्रेरणा म्हणाली, मला वाटलं प्रोग्राम बिघडला.

उतरण चालू राहिली. पावसाळा संपेस्तोवर अजान गेली, मग कोंबडा गेला. आईनं कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर एखादा शब्द पोचायचा.

श्रीदेवीनं बेंगळूरला फोन करून योगीराजला सगळं सांगितलं. तो त्या दिवशी कचेरीतच बसून बाजूला टाकलेल्या सूचना वाचत राहिला. एकामागून एक तिनं लिहिलेलं, त्याखाली आलेली सभ्य उत्तरं. ‘स’ जातोय, ‘श’ जातोय, ‘ट’ जातोय. नौबादचा क्लास असता, किंवा नुसता एक फोन झाला असता, तर पहिल्याच दिवशी तो म्हणाला असता की अक्का, इकडं तर नीट यायलंय, तुझा कान बघून घे. एवढं साधं होतं. त्या अनोळखी माणसांचा दोष नव्हता. ती आजारी आहे, इंजेक्शन घेतेय, हे साइटवर कुठं लिहिलेलं असणार?

पुढच्याच सुट्टीला तो नौबादला आला. प्रेरणा खाटेवर बसली होती. अंगानं निम्मी झाली होती. त्यानं खाली बसून तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. ब्रेलच्या यंत्राला सहा कळा असतात, तशी तिची सहा बोटं धरून तो एकेक अक्षर दाबायला लागला. पहिल्यांदा तिला कळलं नाही. मग कळलं, आणि तिनं मान हलवली, पुढं सांग.

त्यानं बोटांवर विचारलं, मला फोन कामून केला न्हाईस?

प्रेरणा म्हणाली, “तूच सांगितलं हुतास की, तक्रार तिथंच लिहायची. म्हणून तिथंच लिहिली.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिनं खरंच विचारलेल्याचं उत्तर दिलं होतं. योगीराजनं तिचे हात सोडले नाहीत. कोंडाबाई दारात उभी होती. हा काय बोलला आणि ही काय बोलली, तिला अर्धंच कळलं होतं, तरी ती पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

बेंगळूरला परतल्यावर योगीराजनं मेलचं दार करून दिलं. दोन सुट्ट्यांचं काम होतं ते. पुढं श्रीदेवीच्या कॉलेजातल्या सर्व्हरवर तक्रारींची वेगळी जागाही केली. कोड परदेशातल्या साइटवर, तक्रारी गुलबर्ग्याला, अशी वाटणी झाली. लाईट गेली की ती जागा बंद पडते आणि पुण्याचा मुलगा कुरकुर करतो, पण उदगीरच्या मास्तरांची तक्रार पुन्हा यायला लागली. फोनवर आलेलं श्रीदेवी लिहून घेते. तिनं एक नवा नियम केला. कोणतीही तक्रार बंद करण्याआधी ज्यानं ती केली त्याला फोन करून बोलायचं. नव्या माणसांना तो नियम का केला ते कोणी सविस्तर सांगितलं नाही. त्यांनी तो पाळला.

प्रेरणा नोकरीवर परत गेली नाही. क्षय बरा झाला, अंगावर थोडं मांसही आलं. वर्षभरानं दोघी मायलेकी मेहकरला परतल्या, राजपालच्या जुन्या घरात. गावात तिच्याशी बोलणारं आईशिवाय कोणी नव्हतं, कारण तिच्याशी बोलायचं कसं हेच कोणाला माहीत नव्हतं. कोंडाबाईनं या वयात तळहातावर बोटानं खुणा करायच्या पद्धती आपल्या आपण शोधून काढल्या. दोन चापट्या म्हणजे जेवण, मनगट दाबलं म्हणजे कोणी आलंय. योगीराज ब्रेलमध्ये टोचून पत्रं पाठवायचा. ती वाचायची आणि उशाखाली ठेवायची. ‘ऐकव’बद्दल त्यात काही असलं तर त्यावर ती उत्तर देत नसे. मुलीचं विचारायची, बेंगळूरला पाऊस झाला का विचारायची.

दोन हजार बाराच्या संक्रांतीला योगीराज ठाणाकुशनूरला आला होता, तिथून मेहकरला गेला. प्रेरणा अंगणात उन्हाला बसली होती. त्यानं हातावर नाव दाबताच तिचा चेहरा उजळला आणि ती भराभर बोलायला लागली. आवाज कधी एकदम मोठा व्हायचा, कधी ऐकूच येणार नाही इतका लहान. योगीराज ऐकत होता. ती श्रीदेवीबद्दल विचारत होती, पण ‘श्री’ उमटत नव्हता. ‘स’ घसरून ‘ह’सारखा येत होता. ‘चार’ आणि ‘चोर’मधला ‘च’ एकच झाला होता. बिदरच्या कचेऱ्यांनी ओळखलेला तो आवाज हा नव्हता. स्वतःचं बोलणं ऐकू येत नसलं की जीभ हळूहळू आपली जागा विसरते, हे त्यानं कुठंतरी वाचलं होतं.

बोलता बोलता ती थांबली. त्याच्या हातात काहीतरी बदललं होतं, तेवढं तिला कळलं असावं.

“माझं बोलणं नीट यायलंय का रे?” तिनं विचारलं. “माय काही सांगत न्हाई. तू सांग.”

योगीराजनं तिची बोटं धरली आणि दाबलं, व्हय अक्का, एकदम नीट.

प्रेरणा हसली आणि पुन्हा बोलायला लागली. कोंडाबाई तिळाचे लाडू घेऊन बाहेर आली होती. तिनं योगीराजच्या तोंडाकडं पाहिलं, ताटली त्याच्यापुढं ठेवली, आणि चहाचं बघते म्हणून आत निघून गेली.